हक्क : एका शब्दाची दोन टोके



‘हक्कसोडपत्र’ हा शब्द आपणांपैकी बहुतेकांनी ऐकला असेल. अनेकांच्या घरातील लोखंडी कपाटात ते पत्र जपून ठेवलेलेही असेल. वडील वारतात, काही महिने लोटतात, भाऊ वकील गाठतात. बहिणींना सासरहून बोलावून घेतले जाते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सह्या आणि अंगठे होतात, आणि शेत व घर भावांच्या नावावर लागते. कायद्याच्या दृष्टीने कागद पक्का होतो आणि समाजाच्या दृष्टीने बहिणींचे मन मोठे ठरते.

अशाच एका प्रसंगी काही वर्षांपूर्वी मला दुआसाठी बोलावणे आले होते. मशिदीची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली होती. मी गेलो, दुआ केली, नातेसंबंध जोडून ठेवण्याच्या पुण्याविषयी चार शब्द बोललो आणि बहिणींच्या मोठ्या मनाची स्तुतीही केली. निघताना थोरल्या बहिणीने मला दाराशी थांबवले. वय साठीच्या पुढचे. हळू आवाजात त्यांनी विचारले, “मौलाना, सही केली. आता माझं माहेर राहील ना?”

“का नाही राहणार, खालाजान?” असे म्हणून मी निघून आलो. परंतु ते वाक्य माझ्यासोबत आले. देणगी देणारा माणूस असा प्रश्न विचारत नाही. असा प्रश्न किंमत चुकती करणारा विचारतो. त्या बाईंनी जमिनीतला वाटा दिला होता आणि त्याच्या मोबदल्यात ईदला उघडे राहणारे एक दार मागितले होते. मी मात्र त्या सौद्यावर ‘आमीन’ म्हणून मोकळा झालो होतो.

माझे शिक्षण दोन ठिकाणी झाले. मदरशात मी अरबी शिकलो आणि महाविद्यालयात मराठी घेऊन पदवी मिळवली. ‘हक्क’ हा शब्द मला दोन्ही वर्गांत भेटला. पण दोन्हीकडे तो सारखा नव्हता, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. त्या बाईंच्या प्रश्नाने मला पुन्हा शब्दकोशाकडे वळवले. जे सापडले ते आपल्यापुढे ठेवतो.

शब्दाचे मूळ

इमाम रागिब इस्फहानी यांनी कुरआनातील शब्दांचा ‘अल-मुफ्रदात’ नावाचा प्रसिद्ध कोश रचला. ‘हक्क’ शब्दाचा मूळ अर्थ ते जुळणी, तंतोतंत बसणे असा सांगतात आणि त्यासाठी दाराचे उदाहरण देतात. पूर्वीच्या दारांना लोखंडी बिजागऱ्या नसत. दाराच्या खालच्या टोकाला एक खुंट असे आणि उंबऱ्यापाशी एक खळगा. खुंट खळग्यात नेमका बसला की दार सहज फिरते. त्या खळग्याला अरबीत ‘हुक्क’ म्हणतात. याच कुळातील ‘हुक्का’ म्हणजे डबी किंवा लहान भांडे. म्हणजे चावडीवर गुडगुडणारा हुक्का आणि कचेरीत नोंदला जाणारा हक्क हे दूरचे भाऊबंदच म्हणायचे. अरबीची भगिनी असलेल्या हिब्रूत हेच मूळ कोरणे आणि कोरलेला नियम या अर्थाने येते.

जे जिथे असायला हवे तिथे नेमके बसलेले आहे ते हक्क, ही मूळ कल्पना. तिच्यातून बाकीचे अर्थ फुटले. वस्तुस्थितीशी जुळणारे बोलणे म्हणजे सत्य, ते हक्क. जे घडणारच आहे ते हक्क. म्हणून कियामतीला ‘अल-हाक्का’ म्हटले गेले आणि कुरआनच्या ६९व्या सूरहला तेच नाव आहे. ज्याला जे मिळायला हवे तो त्याचा हक्क. ज्याने जे द्यायला हवे तेही हक्क. आणि ज्याचे असणे कोणावरही अवलंबून नाही, तो अल्लाह स्वतः ‘अल-हक्क’ आहे. सूरह अल-हजमध्ये (२२:६ आणि २२:६२) हे नाव आले आहे. आपल्याला कायद्याच्या कागदावर भेटणारा शब्द आणि आपण ज्याच्यापुढे नतमस्तक होतो त्याचे नाव एकच आहे, हे क्षणभर थांबून ध्यानात घेण्यासारखे आहे.

कुरआनात हक्कच्या विरुद्ध उभा असलेला शब्द ‘बातिल’ आहे : जे पोकळ आहे, टिकणारे नाही ते. हा शब्दही मराठी कायद्याच्या भाषेत नांदतो आहे. एखादा दस्त ‘रद्दबातल’ ठरतो, तेव्हा त्यातील ‘बातल’ म्हणजे हाच बातिल.

मराठीतला संसार

बहमनी आणि त्यानंतरच्या दख्खनी राजवटींच्या फारसी दफ्तरांतून हा शब्द मराठीत स्थिरावला. वतनाच्या जुन्या कागदांत देशमुख-पाटलांच्या हक्क-लाजिम्याचे उल्लेख येतात. शिवछत्रपतींच्या काळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही हक्क मराठीतून गेला नाही. लोकमान्यांनी स्वराज्याला जन्मसिद्ध हक्क म्हटले, तेव्हा संस्कृत विशेषण आणि अरबी नाम एकाच घोषणेत शेजारी बसले. भारतीय संविधानाच्या मराठी अनुवादातही तिसऱ्या भागाचे नाव ‘मूलभूत हक्क’ असेच आहे.

त्याची भावंडेही मराठीत सुखाने राहतात. ‘हकीकत’ म्हणजे अरबीत वास्तव; मराठीत ती घडलेल्या गोष्टीचे कथन झाली. ‘तहकिकात’ म्हणजे हक्क काय आहे त्याचा शोध. ‘नाहक’ म्हणजे जिथे हक्क नाही ते. ‘हक्क-नाहक’ या जोडीचा ‘हकनाक’ झाला, आणि आजही एखाद्याचा हकनाक बळी गेला, असे आपण म्हणतो. कुरआनात अन्यायाने केलेल्या हत्येसाठी ‘बिगैरि हक्क’ असे शब्द येतात. बातमी लिहिणाऱ्या मराठी पत्रकाराला कदाचित ठाऊकही नसेल. पण त्याच्या लेखणीतून तोच निवाडा उतरत असतो.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटते. मराठीत आपण कर्तव्य ‘बजावतो’ आणि मतदानाचा हक्कही ‘बजावतो’. हुकूम अमलात आणणे, नेमलेले काम पार पाडणे, हा बजावण्याचा अर्थ. हक्कासाठी कर्तव्याचेच क्रियापद वापरावे, याचा अर्थ भाषेच्या खोल थरात कुठेतरी जुनी आठवण शिल्लक आहे.

परंतु ही आठवण पुसट झाली आहे. हक्कासोबत येणारी इतर क्रियापदे पाहा : हक्क सांगणे, मागणे, गाजवणे, मिळवणे, हिरावणे, सोडणे. यांतले प्रत्येक क्रियापद घेणाऱ्याच्या बाजूचे आहे, मग तो मागो, बळकावो वा सोडो. देणाऱ्याच्या बाजूने बोलणारे क्रियापद सहज आठवत नाही. जिव्हाळ्याच्या बोलण्यात ‘तुझा माझ्यावर हक्क आहे’ असे आपण म्हणतो खरे. पण तलाठ्याच्या दफ्तरात आणि वकिलाच्या मसुद्यात ते वाक्य सापडत नाही. तिथे हक्क एकाच बाजूचा असतो : माझा.

‘ला’ आणि ‘वर’

अरबीत मात्र हा शब्द दोन अव्ययांसोबत चालतो. ‘हक्क लि’ म्हणजे अमक्याला असलेला हक्क. ‘हक्क अला’ म्हणजे अमक्यावर असलेला हक्क. शब्द एक, टोके दोन. एकाचे येणे हेच दुसऱ्याचे देणे. दारातील खुंट आणि खळगा यांचे हे नाते आहे. दोहोंपैकी एकच असेल तर दार फिरणार कसे?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यामागे एकदा हजरत मुआज (रजि.) वाहनावर बसले होते. प्रेषितांनी त्यांना विचारले की अल्लाहचा दासांवर काय हक्क आहे, आणि दासांचा अल्लाहवर काय हक्क आहे, हे ठाऊक आहे काय? मग सांगितले की दासांनी त्याचीच उपासना करावी व त्याला कोणी भागीदार ठरवू नये, हा अल्लाहचा हक्क. आणि जो असा वागेल त्याला शिक्षा करू नये, हा दासांचा अल्लाहवरील हक्क. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सर्वसत्ताधीश स्वतःवर ‘वर’चे टोक घेतो! सूरह अर-रूममध्येही (३०:४७) श्रद्धावंतांचे साहाय्य करणे हा आपल्यावरचा हक्क असल्याचे अल्लाहने सांगितले आहे. ज्याला कोणी जाब विचारू शकत नाही तो हे टोक आपल्याकडे घेतो. आणि आपण, ज्यांना जाब द्यायचाच आहे, ते टोक विसरतो.

संपत्तीबाबतही कुरआनची भाषा अशीच आहे. सूरह अल-मआरिज (७०:२४-२५) सांगते की सत्प्रवृत्त लोकांच्या संपत्तीत याचकाचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो. म्हणजे जकात हा श्रीमंताचा उपकार नाही. ज्याला ती मिळते तो ‘मुस्तहिक’, अर्थात हक्कदार असतो. सूरह अल-इसरा (१७:२६) नातेवाइकाला त्याचा हक्क देण्याची आज्ञा करते, आणि सूरह अल-अनआम (६:१४१) पिकाचा हक्क कापणीच्या दिवशीच द्यायला सांगते. या दोन्ही आज्ञांत क्रियापद ‘द्या’ हे आहे. वंचिताने येऊन हक्क सांगावा, भांडावे, मोर्चा काढावा, अशी अट कुठेही नाही. हक्क देणाऱ्याच्या दाराशी आधीच उभा आहे.

याहूनही बोलकी आयत कर्जाच्या लेखाविषयीची आहे (सूरह अल-बकरा, २:२८२). ऋणकोसाठी तिथे शब्द आला आहे तो ‘ज्याच्यावर हक्क आहे तो’ असा. आणि आज्ञा अशी की लेखाचा मजकूर त्यानेच सांगावा, अल्लाहला भ्यावे आणि त्यातून काहीही कमी करू नये. जो देणे लागतो त्याच्याच तोंडून मजकूर यावा, कारण तो मजकूर म्हणजे त्याची कबुली असते. आता आपली हक्कसोडपत्रे पाहा. मजकूर तिथेही देणे लागणाराच सांगतो. वकील भावाचाच असतो. पण त्या मजकुरात ‘मी इतके देणे लागतो’ हे वाक्य नसते. ‘मला काही नको’ हे वाक्य असते, आणि त्याखाली सही बहिणीची असते.

हक्क सोडता येतो काय?

वारशाच्या बाबतीत सूरह अन-निसाची सातवी आयत स्पष्ट आहे. आईवडिलांनी आणि आप्तांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही वाटा आहे. संपत्ती थोडी असो वा फार, हा वाटा ठरवून दिलेला आहे. पुढे अकराव्या व बाराव्या आयतींत हिस्सेही मोजून दिले आहेत. नमाजच्या रकअती आपल्याला हदीसमधून शिकाव्या लागतात. वारशाचे अपूर्णांक मात्र कुरआनातच आले आहेत. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा का, यावर व्यासपीठांवरून पुष्कळ वाद होतात आणि आपले वक्तेही तयारीने उत्तर देतात. त्या उत्तरापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे की ते निम्मे तरी आपल्या घरात कधी दिले गेले काय?

आता प्रश्न असा की बहीण स्वखुशीने म्हणत असेल, तर हक्क सुटत नाही काय?

हनफी फिकहचे थोर विद्वान इब्ने नुजैम (मृत्यू हिजरी ९७०) यांनी नोंदवून ठेवले आहे की वारसाने ‘मी माझा हक्क सोडला’ असे नुसते म्हटल्याने त्याचा हक्क संपत नाही, कारण मालकी ही सोडण्याने नाहीशी होणारी गोष्ट नाही. यामागचा विचार असा : मृत्यूच्या क्षणीच वारस आपल्या हिश्श्याचा मालक होतो. त्यासाठी त्याची संमतीसुद्धा विचारली जात नाही. कर्ज माफ करता येते. पण घर किंवा जमीन ही वस्तू ‘माफ’ होत नाही. ती दुसऱ्याला द्यायची तर भेट द्यावी लागते, विकावी लागते, किंवा सर्व वारसांच्या राजीखुशीने ठरलेला मोबदला घेऊन वारस वाटणीतून बाहेर पडू शकतो. या शेवटच्या प्रकाराला ‘तखारुज’ म्हणतात. आणि वाटून घेता येण्याजोगी मालमत्ता वाटणीपूर्वीच भेट दिली, तर हनफी मतानुसार ती भेट पुरी होत नाही. कोकणातील आपले बांधव शाफई मताचे आहेत. त्यांच्याकडे न वाटलेल्या हिश्श्याची भेट चालते. या तपशिलांसाठी आपापल्या मुफ्तींना विचारावे. पण देणाऱ्याचे मन खरोखर राजी असले पाहिजे, यावर दोन्हीकडे दुमत नाही.

मनाच्या या राजीपणाचे मापही कुरआननेच दिले आहे. मेहरविषयी सूरह अन-निसाच्या चौथ्या आयतीत म्हटले आहे की स्त्रियांनी त्यातील काही भाग आपल्या मनाच्या खुशीने सोडला, तरच तो तुम्ही आनंदाने घ्यावा. सही घ्यावी असे म्हटलेले नाही. मनाची खुशी म्हटले आहे. सही निबंधकाला दिसते. मनाची खुशी कोणाला दिसते?

प्रेषितांच्या काळातील एक प्रसंग हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितला आहे. प्रेषितांनी लोकांना बजावले होते की तुम्ही माझ्याकडे तंटे घेऊन येता आणि एखादा दुसऱ्यापेक्षा अधिक बोलका असू शकतो. मी जे ऐकतो त्यावरून निकाल देतो. पण निकालाने कोणाला त्याच्या भावाचा हक्क मिळाला असेल, तर त्याने तो घेऊ नये, कारण तो आगीचा तुकडा आहे. ही हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. अबू दाऊदच्या संग्रहात तिची पार्श्वभूमीही येते. दोन माणसे वारशाचा तंटा घेऊन आली होती आणि दोघांकडेही पुरावा नव्हता. हे शब्द ऐकताच दोघे रडू लागले, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणू लागला की माझा हक्क तुला.

वाचकहो, हेच तर हक्कसोडपत्र आहे! आणि तेही भीतीने वा भिडेने नव्हे, अश्रूंनी लिहिलेले. प्रेषितांनी त्यावर काय केले? ‘उत्तम झाले, आता घरी जा,’ असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी सांगितले की आता असे मनावर घेतलेच आहे तर आधी वाटणी करा, हक्काचा नीट शोध घ्या, चिठ्ठ्या टाका, आणि त्यानंतर एकमेकांना मोकळे करा.

आधी वाटणी, मग माफी. हा क्रम मला फार उशिरा कळला. वाटणीपूर्वीच्या माफीत सोडणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत हे ठाऊकच नसते. हातात कधी आलेच नाही ते दिले, असे तिच्याकडून वदवून घेतले जाते. शिवाय तिने आपले टोक सोडले, तरी भावाकडचे टोक सुटत नाही. ‘वर’ असलेला हक्क पोहोचवल्यानेच उतरतो. म्हणून तिचे तिच्या हाती द्यावे, मोजून द्यावे. नंतर तिने त्यातले काही परत दिले, तर ती खरी भेट होईल. आणि काहीच परत दिले नाही, तर ते तिचेच होते.

नेहमीची उत्तरे

हा विषय मी मशिदीत मांडू लागलो तेव्हा काही उत्तरे वारंवार ऐकली. ‘तिच्या लग्नात खर्च केला.’ लग्नाचा खर्च वडिलांनी केला, तो त्यांच्या हयातीतील त्यांचा व्यवहार. मुलांच्याही शिक्षणावर आणि दुकानावर त्यांनी खर्च केलाच. वारसा त्यांच्या मागे उरलेल्याचा असतो. ‘वडीलच सांगून गेले की सगळे मुलांचे.’ प्रेषितांनी स्पष्ट केले आहे की अल्लाहने प्रत्येक हक्कदाराला त्याचा हक्क देऊन टाकला आहे, त्यामुळे वारसासाठी वसीयत नाही. ‘सातबाऱ्यावर बहिणींची नावे आहेत की!’ आहेत; पण पुष्कळदा ती मुख्य रकान्यात नसून ‘इतर हक्क’ या रकान्यात असतात. ज्या शब्दात सत्य सामावले आहे, त्याला ‘इतर’ म्हणून कडेला बसवलेले पाहिले की मला फार वाईट वाटते.

‘आम्ही त्यांचे सण-वार करतो.’ करावेतच. पण ईदची साडी आणि जमिनीचा वाटा यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही. एक प्रेम आहे, दुसरे देणे. देणे बुडवून केलेल्या प्रेमाची काय अवस्था होते, हे त्या दाराशी उभ्या राहिलेल्या बाईंच्या प्रश्नात मी ऐकले आहे.

हे दुखणे केवळ आपल्या समाजाचे नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये संसदेने कायदा बदलून हिंदू मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत मुलांच्या बरोबरीने स्थान दिले. तरीही शेजारच्या गल्लीतील बहिणी त्याच कार्यालयात त्याच कागदावर सही करतात. पण शेजाऱ्याचे दुखणे आपल्याला माफीपत्र होत नाही. आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वी आलेली आज्ञा आहे आणि आपण तिचे पठण करतो. सूरह अल-फज्रमध्ये (८९:१९) वारशाची संपत्ती अधाशीपणे गिळणाऱ्यांची निर्भर्त्सना आहे. ती सूरह आपल्यापैकी कित्येकांना तोंडपाठ आहे आणि फजरच्या नमाजमध्ये मी ती अनेकदा पढतो.

आमचे घर

इथवर येऊन लेख संपवता आला असता. पण मग मी पुन्हा दुसऱ्यांच्या दारात उभा राहून दुआ करणारा मौलाना ठरलो असतो.

ज्या घरात मी वाढलो ते आजोबांचे. तीन खोल्या, वर पत्रे, मागे थोडे परसू. आजोबा गेले, पुढे आजीही गेली. मागे माझे वडील आणि त्यांच्या दोन बहिणी, म्हणजे माझ्या दोन फुफू. एक मुलगा आणि दोन मुली, दुसरे वारस कोणी नाही. फराइजचा हा अगदी सोपा हिशेब. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करील. निम्मे मुलाचे, पाव-पाव मुलींचे. मदरशात असे शेकडो हिशेब मी वहीवर सोडवले होते आणि त्यांत गुणही चांगले मिळवले होते. परंतु ज्या घराला मी जन्मभर ‘आमचे घर’ म्हणत आलो, त्याचा निम्मा भाग आमचा नाही, हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता.

एका संध्याकाळी मी वडिलांना विचारले. त्यांनी आयुष्यभर शिवणकाम केले. गिऱ्हाइकाच्या कापडातला उरलेला तुकडाही ते घडी घालून परत देत. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “त्यांनी कधी मागितलं नाही.”

हे वाक्य खोटे नव्हते. पण न मागणे म्हणजे सोडणे नव्हे, हे सांगताना माझाही आवाज कापला. कारण वडिलांच्या कमाईच्या जोडीला त्या न दिलेल्या निम्म्या घरावरच माझे बालपण आणि माझे शिक्षण उभे होते. वडिलांनी रात्रभर काही म्हटले नाही. सकाळी नमाजनंतर ते म्हणाले, “किंमत काढून घे. दोघांकडून काढ, एकाकडून नको.”

थोरल्या फुफूकडे वडील स्वतः गेले. तिने अपेक्षेप्रमाणे हात जोडले : “राहू दे भाई, मला आता काय करायचंय?” वडील म्हणाले, “आधी घे. मग राहू दे म्हण.” एकदम देण्याची आमची ऐपत नव्हती, तिच्या संमतीने हप्ते ठरले. पहिला हप्ता तिने मोजून घेतला, ओढणीच्या टोकाला बांधला आणि काहीही परत केले नाही. त्या ईदला तिने माझ्या मुलांना ईदी दिली. ती तिच्या स्वतःच्या पैशांतली होती, हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे होते ते मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

धाकटी फुफू मात्र राहिली नव्हती. तिचा पाव हिस्सा आता तिच्या पतीत आणि तीन मुलांत विभागला जातो. त्यांतील एका आतेभावाने फोनवर विचारले, “अम्मी होती तेव्हा का नाही?” माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. तिच्या वारसांना पैसे पोहोचतील, इन्शा अल्लाह. पण तिला स्वतःला ओढणीच्या टोकाला बांधता आले नाहीत. दासांचे हक्क दासांनी माफ केल्याशिवाय सुटत नाहीत, असे आपले विद्वान सांगतात. ती माफी आता कबरीच्या पलीकडे गेली आहे.

वाचकहो, म्हणून माझी विनंती लहान आहे. या महिन्यात एकदा आपल्या घरातील कागद काढा. आजोबांपासून सुरुवात करा. कोण वारले, कोण मागे उरले, कोणाला काय पोहोचले, हे एका कोऱ्या कागदावर लिहा. मजकूर आपणच सांगा, कारण आयतीनुसार ज्याच्यावर हक्क आहे त्यानेच तो सांगायचा असतो. मग तो कागद घेऊन आपल्या मुफ्तींकडे जा. आणि ज्यांना आपण मोठ्या मनाची बहीण, मोठ्या मनाची फुफू म्हणत आलो, त्यांच्याकडे त्या हयात असतानाच जा.

त्या खालाजानच्या भावांनाही मी पुन्हा भेटलो आहे. पहिल्या भेटीत त्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला. दुसऱ्या भेटीत धाकट्याने विचारले, “हिशेब कसा लावायचा?” थोरला अजून बोलत नाही. मी तिसऱ्यांदा जाणार आहे. ज्या तोंडाने त्या कागदावर आमीन म्हटले, त्या तोंडावर एवढे तरी देणे आहे.

अल-हक्क असलेला अल्लाह आपल्याला हक्क हा हक्क म्हणून दाखवो आणि तो पोहोचवण्याचे बळ देवो. आमीन.